हिंगोलीची प्रदर्शनी आणि कमानीवरचा आकडा

सप्टेंबर सरत आला की आमच्याकडं ‘हिंगोलीला जाऊन येतो’ म्हणणाऱ्याला ‘कशाला?’ असं कुणी विचारत नाही. एरवी हिंगोली म्हणजे कलेक्टर कचेरी, कोर्ट, दवाखाना आणि मोंढा. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यातून माणूस तिकडं कामाशिवाय जात नाही, आणि काम झालं की थांबत नाही. नवरात्रात मात्र उलटं होतं. काम नसलेलाही काम काढतो. सेनगाव मागं पडतं, नर्सीचा फाटा येतो, शहर जवळ आलं की क्रूझरमधली पोरं खिडकीला नाकं लावतात आणि जो आधी ओरडतो त्यानं जिंकलं: ‘पाळणा दिसला!’

तो दिसतो रामलीला मैदानावर. वर्षभर या मैदानाकडं पाहिलं तर सांगण्यासारखं फारसं काही नाही. मोकळी जागा, धूळ, क्रिकेट खेळणारी पोरं, निवडणुकीत सभा. पण दसऱ्याच्या त्या दिवसांत इथं एक अख्खं गाव वसतं आणि उठतंही. एका बाजूला रामलीलेचा मंच, एका बाजूला पन्नास फुटांच्या घरातला रावण, आणि उरलेल्या सगळ्या जागेत प्रदर्शनी: दुकानं, पाळणे, मौत का कुआँ, गोडीशेव, भजी. मोठ्या शहरातल्या माणसाला ‘थीम पार्क’ म्हटल्यावर जे डोळ्यांपुढं येतं, ते आमच्या चार पिढ्यांच्या डोळ्यांपुढं हे मैदान आणून उभं करतं.

हा दसरा खाकीबाबा मठाचे महंत मानदासबाबा यांनी १८५५ मध्ये सुरू केला, असं सांगितलं जातं. ते साल मला नेहमी विचारात पाडतं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १८५३ च्या तहानं, निजामानं वऱ्हाड इंग्रजांकडं लावून दिला होता. कारण होतं हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचा खर्च. त्या फौजेची एक छावणी हिंगोलीत होती. शहरातल्या एका भागाला लोक आजही पलटण म्हणतात. मराठवाड्याचा मूळचा दसरा रावणाचा नव्हे. तो देवीचा, घटाचा, सीमोल्लंघनाचा, आपट्याच्या पानांचा. शेजारी माहूर, पलीकडं तुळजापूर. रामलीला आणि रावणदहन ही उत्तरेकडची रीत. ती या काळ्या मातीत रुजली कशी, याचं उत्तर मला मठ आणि छावणी या दोन गोष्टींत दिसतं. खाकी हे रामानंदी बैरागी, रामाचे उपासक. आणि फौजेत हिंदुस्थानी शिपाई भरपूर. घरापासून शेकडो कोस लांब असलेल्या शिपायाला दसऱ्याला राम दिसला, तर तो मैदान सोडून कुठं जाईल? हा माझा अंदाज आहे, पण मला तो पटतो.

१९०३ मध्ये ती फौज हिंदुस्थानच्या लष्करात विरघळली, छावणी उठली. दसरा उठला नाही. पुढं निजामाचं राज्यही गेलं. १९४८ चा दसरा पोलीस कारवाईनंतर महिनाभरातच आला होता. मग मराठवाडा १९५६ ला मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. कागदावरचं गाव पाचदा बदललं असेल, पण दसऱ्याला जायचं मैदान एकच.

म्हणून मैदानाच्या कमानीवर यंदाचा दसरा कितवा ते सांगणारा जो आकडा असतो, त्याचा मला अभिमान आहे, हे आधी सांगून टाकतो. १८५५ पहिलं धरलं तर २०२४ चा दसरा १७० वा होतो. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं, म्हणजे आमच्यापेक्षा शंभर वर्षांनी धाकटं. मुंबईकडच्या पाहुण्यांना हे ऐकवताना माझी छाती फुगते. त्यांचं एस्सेल वर्ल्ड १९८९ चं. दूरदर्शनवर त्याची जाहिरात लागली की आम्ही पोरं हातातला घास हातात धरून बघायचो, गोराई नावाची खाडी नकाशात शोधायचो. ते पाळणे आता थांबलेत. खोपोलीचं इमॅजिका २०१३ चं, अजून पोरगंच. पक्क्या पायावर, सिमेंटवर उभी राहिलेली बाग थांबते आणि दरवर्षी नटबोल्ट सोडून ट्रकात भरून जाणारा पाळणा मात्र पुढच्या वर्षी परत येतो, याची मला फार गंमत वाटते.

तरी दरवर्षी कमानीखालून आत जाताना काहीतरी खटकतं. आकडा जसजसा वाढतो तसतसा तो कमानीवर जास्त जागा खातो, आणि त्याच्याभोवतीचे चेहरेही वाढतात. शुभेच्छुकांचे चेहरे सगळीकडं असतात, त्याचं एवढं काही नाही. खटकतं ते हे, की या सोहळ्याच्या भाषणांत मैदानाचं अर्धं आयुष्यच येत नाही. परंपरा येते, एकोपा येतो, रावणाची उंची येते. प्रदर्शनी येत नाही. आणि खेड्यातला माणूस येतो तो प्रदर्शनीला. रावण जळतो एक रात्र, तेही दहा-पंधरा मिनिटं. पाळणा फिरतो रोज संध्याकाळी, दसरा उलटल्यावरही फिरत राहतो.

पाळणा उभा राहताना ज्यानं पाहिलाय, त्याला मी काय म्हणतो ते कळेल. मला फिरण्यापेक्षा तो उभारताना बघायला जास्त आवडतं; त्यासाठी मी घटस्थापनेच्या आधी काहीतरी निमित्त काढून हिंगोली गाठतो. ट्रकातून आधी उतरतात रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर. ही खरी पायाभरणी. आमची माती काळी, चिकण. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि नवरात्र नेमकं हत्तीच्या पावसात सापडतं. रात्रीतून एक सर येऊन गेली की सकाळी एका बाजूचे स्लीपर दोन बोटं बसलेले असतात. मग दगड, फळकुटं, पत्र्याचे तुकडे घालून पुन्हा समतोल साधायचा. पोरगा उकिडवा बसून पाणसळीतला बुडबुडा बघत असतो आणि वरून उस्ताद ओरडत असतो. स्लीपरवर लोखंडी तुळया, तुळयांवर दोन मनोरे, त्यांच्या डोक्यावर धुरा चढवतात तो साखळी-कप्पीनं. मग एकेक आरा लावत चाक पुरं करायचं, आणि शेवटी डबे टांगायचे.

डबे भरण्यातही हिशेब असतो, हे पाळण्यात बसणाऱ्याच्या लक्षात येत नाही. त्याला वाटतं, हा माणूस आपल्याला उगाच ताटकळत ठेवतोय. पण एका बाजूचे चार डबे भरले आणि समोरचे रिकामे ठेवले तर चाक एका अंगाला ओढ घेतं, मोटारीवर ताण येतो. म्हणून एक डबा भरला की अर्धा फेरा फिरवून समोरचा भरायचा. जाडजूड जोडपं इकडं, कॉलेजची चार पोरं तिकडं. वजनकाटा नाही, कागद नाही. रांगेकडं नुसती नजर टाकून हे चाललेलं असतं. सोयाबीनचे कट्टे ट्रॅक्टरमध्ये रचणारा आमचा माणूस ते बरोबर ओळखतो आणि खालूनच सांगतो, ‘त्या लाल डब्यात अजून दोघं घाल.’

मौत का कुआँ हे दुसरं आश्चर्य. फळ्यांचा गोल हौद, वर कठड्याला टेकून उभे प्रेक्षक, खाली सायलेन्सर काढलेली मोटारसायकल. स्वार आधी तळाशी गोल फिरतो, मग तिरक्या फळ्यांवर, आणि वेग पुरेसा झाला की उभ्या भिंतीवर. वेगामुळं चाक भिंतीवर दाबलं जातं, दाबामुळं घर्षण वाढतं, आणि त्या घर्षणावर माणूस आडवा तरंगतो. विज्ञानाच्या पुस्तकातलं वर्तुळाकार गतीचं प्रकरण इथं पेट्रोलच्या वासासकट शिकायला मिळतं. वरून कुणी नोट धरली तर तो हात सोडून ती घेऊन जातो. त्या वेळी सगळा हौद थरथरतो आणि कठड्याला धरलेल्या आपल्या मुठीतून ती थरथर कोपरापर्यंत येते.

उंच पाळण्याची मूळ कथाही एका वर्धापनाचीच आहे. कोलंबस अमेरिकेत पोचल्याला चारशे वर्षं झाली म्हणून शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं, त्यात जॉर्ज फेरिस नावाच्या इंजिनिअरनं २६४ फूट उंचीचं चाक उभं केलं. ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं. चारशे वर्षं भरली होती १८९२ ला. प्रदर्शन उघडलं १८९३ ला. म्हणजे सोहळ्याची तयारी वेळेत न होणं ही काही आपल्याकडचीच रीत नाही. ते चाक १९०६ मध्ये सुरुंगानं पाडून भंगारात विकलं. कोलंबस मात्र आमच्या मैदानावर अजून आहे: पाळण्याच्या शेजारी झोके घेणारी जी मोठी नाव असते, तिला सगळे कोलंबसच म्हणतात. अमेरिका शोधणारा दर्यावर्दी समुद्रापासून इतक्या लांब, कयाधूकाठच्या शहरात पोरांना पोटात गोळा आणतो.

मागं एकदा पाळण्याच्या मिस्त्रीला कमानीकडं बोट दाखवून मी आकडा सांगितला. त्यानं हातातला पाना खाली ठेवला नाही. ‘एक सौ सत्तर? अच्छा है,’ म्हणाला, ‘लेकिन ये मैदान हमको हर साल नया लगता है. मिट्टी हर साल नई बैठती है.’ मग त्यानं उलट मलाच विचारलं, यंदा सोयाबीनला भाव काय. त्याचं बरोबर होतं. त्याचा धंदा आमच्या भावावर. मोंढ्यात पैसे हातात पडले तर घरातले पाचही जण पाळण्यात बसतात. भाव पडला तर दोन पोरांना बसवून आई-बाप खाली पिशव्या धरून उभे. पावसानं शेंगा फुटल्या, सुडी भिजली, मळणीचा हडंबा दारात आलाच नाही, की त्या वर्षी प्रदर्शनीत गर्दी असते पण रांग नसते.

आकड्याबद्दल माझी दुसरी कुरबुर २०२० ची. करोनात जमावावर बंदी होती, यात्रा-जत्रा राज्यभर बंद. पाळणे त्या वर्षी कुठल्या तरी गोदामात गंजत पडले आणि पाळणेवाल्यांनी काय खाल्लं ते त्यांनाच ठाऊक. पण वर्ष मोजलं गेलं. मोजायलाही हवं, असं माझं एक मन म्हणतं. परंपरा म्हणजे काय हजेरीपट आहे? दुसरं मन म्हणतं, ज्याच्याविना मैदान मैदान होत नाही, तो पाळणाच नसताना वर्ष भरलं म्हणायचं तर आपण नेमकं कशाचं वय मोजतो? यात माझा निकाल लागलेला नाही. बायकोनं तो एका वाक्यात लावला होता: ‘तुम्ही कमान वाचत बसा, आम्ही भजी खाऊन येतो.’

खरं तर प्रेम असतं तिथंच माणूस इतकी कुरकुर करतो. भोंग्यांचा कालवा, धूळ, वाढत्या तिकिटांचं गणित, रात्री परतीला वाहन मिळेल का याची धाकधूक, बायकांना आडोसा शोधत फिरायला लागणं. आपल्याकडच्या कुठल्याही जत्रेत हे असतंच. तरी पुढच्या वर्षी जायचं नाही असं साखऱ्यात कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. माझे आजोबा बैलगाडीनं गेल्याचं सांगायचे, वडील एसटीच्या टपावर बसून गेले, मी घरच्यांना काळी-पिवळीत कोंबून घेऊन गेलो, आणि माझी पोरं आता मोटारसायकलवर जाऊन मध्यरात्री परत येतात. त्यांना रावण मोबाइलवर बघितला तरी चालतो. पाळण्यात मात्र स्वतःच बसावं लागतं.

आता डोळे १७५ व्या वर्षाकडं लागलेत. हिशेबानं ते २०२९ ला येतं. तेव्हा मोठा सोहळा होईल, मोठी कमान होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या वर्षी मंचावर सत्कार व्हायचेच असतील तर एक शाल पाना धरणाऱ्या हाताला मिळावी, आणि जुन्या दसऱ्यांचे फोटो ज्यांच्या घरी पेटीत पडलेत त्यांच्याकडून मागून आणून एका तंबूत लावावेत, एवढं मला वाटतं. बाकी २०२९ चा दसरा ऑक्टोबरच्या मध्यावर पडतो. हत्ती तोवर उलटून गेलेला असेल, सोयाबीन बऱ्यापैकी मोंढ्यात पोचलेलं असेल, आणि स्लीपरखालची जमीन कोरडी झालेली असेल.