उशिरा चाललेल्या कामावर माणसं वाढवताना

समजा, पणजीत पाटोवरच्या एका छोट्या कंपनीत डिचोलीतल्या वितरकासाठी बिलं आणि गोदामाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर तयार होतंय. टीम ६ जणांची, हाती ८ आठवडे. म्हणजे एकूण ४८ माणूस-आठवडे. उरलेलं काम मात्र ६० चं निघतं. साहेब म्हणतात, फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकती पास झालेली ४ मुलं घ्या.

पेडण्यात भातकापणीला विळे वाढवले की शेत लवकर मोकळं होतं. तिथं एकाचं काम दुसऱ्यावाचून अडत नाही. इथं नव्याला आधी समजवावं लागतं: परत आलेल्या मालाची नोंद कुठे जाते, जीएसटीचा दर कुठल्या टेबलातून येतो, अमुक फाइलला हात का लावायचा नाही. आणि हे समजावणार कोण? ज्यांच्या अंगावर सगळ्यात जास्त काम आहे, तेच.

हिशेब मांडू. पहिले ३ आठवडे मुलं शिकतायत. २ जुन्यांचा अर्धा वेळ त्यात जातो, म्हणजे ३ माणूस-आठवडे वजा. पुढचे ५ आठवडे मुलं निम्म्या वेगानं काम करतात, म्हणजे १० जमा. बेरीज ५५. सात वाढले खरे, पण त्यासाठी पगार ३२ आठवड्यांचा मोजला आणि ६० गाठले नाहीतच.

हाच निर्णय ४ आठवडे उरलेले असताना घेतला तर? २४ मधून ३ गेले, नव्यांचे जेमतेम २ आले. हाती २३. माणसं वाढवून काम मागे गेलं! शिवाय ६ जणांत बोलण्याच्या जोड्या १५ होतात, १० जणांत ४५. तो वेळ मी धरलेलाच नाही.

आयबीएमच्या ओएस/३६० चं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ च्या पुस्तकात हेच सांगितलं: रखडलेल्या सॉफ्टवेअरवर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं. हे फारच ढोबळ विधान आहे, असंही त्यांनीच तिथं म्हटलंय. पुढे अब्देल-हमीद आणि मॅडनिक यांच्या अभ्यासातून दिसलं की माणसं वाढवल्यानं खर्च नेहमी वाढतो, उशीर मात्र दर वेळी वाढतोच असं नाही. आपल्या हिशेबातही तेच आलं.

तरी वरिष्ठांना आकडा आवडतो. २०२१ च्या जूनमध्ये प्राप्तिकराचं नवं पोर्टल अडखळलं, तेव्हा ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांनी ते बनवणाऱ्या इन्फोसिसच्या प्रमुखांना बोलावलं. ७५० हून अधिक माणसं कामाला आहेत, असं प्रमुखांनी सांगितलं. त्यातले किती जण पहिल्यापासूनचे, हे अशा आकड्यातून कळत नाही.

मग करायचं काय? आधी काम कापा. वितरकाला पहिल्या दिवशी बिलं निघायला हवीत; रंगीत आलेख महिनाभरानं चालतील. माणसं घ्यायचीच तर लवकर घ्या आणि त्यांना सुटं काम द्या: चाचणी, जुन्या खात्यांची भरणी, ग्राहकाचे फोन. त्यांना शिकवायला एकच जुना माणूस नेमा, आणि त्याचं स्वतःचं काम तेवढ्यापुरतं खरोखर कमी करा. कागदावर नव्हे. बाकीच्यांच्या बैठका बंद.

नवी तारीख एकदाच द्या, दर सोमवारी नको. ती ठरवताना चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा, आठवडा आधीच खोडून ठेवा. त्या दिवसांत पेडण्या-डिचोलीची पोरं पाटोवर यायची नाहीत, आणि वितरकही दुकानात नसतो.