कोंबडीनं अंडी बंद केली? विकण्याआधी हे सात दिवस तपासा



थंडी सुरू झाली की ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "कोंबडी चांगली खाते-पिते, पण अंडं देत नाही. काय करू?" बऱ्याच घरी अशी कोंबडी थेट आठवडे बाजारात जाते. पण त्यातल्या कितीतरी कोंबड्या महिना-दोन महिन्यांत परत अंड्यावर येणाऱ्या असतात. अंड्यांचे पैसे बहुतेक घरी बाईमाणसाच्या हातात राहतात, पोरांच्या ताटात अंडं जातं. म्हणून घाई नको. खालच्या क्रमानं तपासा.

*१) आधी खात्री करा: बंद झाली की लपवते?*

मोकळी फिरणारी कोंबडी जागा बदलते. कांदाचाळीखाली, मक्याच्या चाऱ्याच्या गंजीत, गोठ्याच्या कोपऱ्यात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली बघा. मुंगूस, घूस, कुत्रा आणि कधी कधी दुसरी कोंबडीही अंडं खाते. खुराड्यात टरफलाचे तुकडे किंवा ओला बलक दिसला तर अंडं येतंय, फक्त तुमच्या हाती लागत नाही.

पक्कं समजायला रात्री कोंबडी हातात घ्या. शेपटीखाली, अंडं येण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूला दोन बारीक हाडं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसली, जागा ओलसर आणि रुंद असली, तुरा लाल टवटवीत असला, तर कोंबडी अंड्यावर आहे. जेमतेम एक बोट बसलं, जागा कोरडी आणि आवळलेली, तुरा फिका आणि आकसलेला, तर अंडी खरंच बंद आहेत.

अंड्यावर आहे असं दिसलं तर चार दिवस सकाळी दहा-अकरापर्यंत कोंडून ठेवा. आत अंधाऱ्या कोपऱ्यात भुसा घातलेली टोपली ठेवा. बहुतेक अंडी सकाळीच पडतात, लगेच कळेल.

*२) वय किती?*

गावठी तलंग साधारण सहा-सात महिन्यांची झाल्यावर पहिलं अंडं देते. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया थोड्या लवकर. पहिल्या वर्षी अंडी जास्त, दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी कमी. तीन-चार वर्षांची कोंबडी असेल तर खुराक वाढवून फारसा फरक पडणार नाही. आणि एक लक्षात ठेवा, चांगली कोंबडीसुद्धा रोज अंडं देत नाही. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले जवळजवळ २० तास फक्त टरफलाला.

*३) खुडूक आहे का?*

दिवसभर खोपड्यात बसून राहते, अंग फुगवते, हात घातला की चोच मारते, म्हणजे खुडूक. हा आजार नाही. पिल्लं हवी असतील तर कोंबड्याबरोबर फिरणाऱ्या कोंबड्यांची १०-१२ ताजी अंडी खाली ठेवा, २१ दिवसांत पिल्लं निघतील. पण पुढं पिल्लं सांभाळते तोपर्यंत दोन-अडीच महिने अंडी मिळणार नाहीत, हा हिशोब आधीच धरा.

पिल्लं नको असतील तर तिला खोपड्यातून काढून, खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात ३ ते ५ दिवस ठेवा. दाणा-पाणी पूर्ण द्या. दोन-तीन आठवड्यांत परत अंड्यावर येते. पाण्यात बुडवणं, नाकात पीस घालणं हे प्रकार करू नका. कोंबडीला त्रास होतो आणि उपयोग काही नाही.

*४) पिसं झडतात का?*

वर्षातून एकदा कोंबडी जुनी पिसं टाकून नवी घेते. मान आणि पाठ उघडी दिसते, खुराड्यात पिसांचा सडा पडतो. पीस बहुतेक प्रथिनांचंच बनलेलं असतं, त्यामुळं खाल्लेलं सगळं तिकडं जातं आणि अंडी दोन-तीन महिने बंद राहतात. *हीच कोंबडी सगळ्यात जास्त चुकून विकली जाते.* दिसायला कळाहीन, पण नवी पिसं आल्यावर परत चालू होते. या काळात खुराक चांगला द्या.

पण त्वचा लाल आणि पिसांच्या बुडाशी उवा दिसल्या तर ते पीस बदलणं नाही. रात्री बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटीही बघा, गोचीड तिथं लपतात आणि रात्री रक्त पितात.

*५) दिवस लहान, थंडी जास्त*

अंड्यासाठी कोंबडीला साधारण १४ तास उजेड लागतो. आपल्याकडं डिसेंबरात दिवस ११ तासांच्या आसपास असतो. त्यात निफाड तालुक्याची थंडी तुम्हाला माहीतच आहे, अंग गरम ठेवण्यात दाणा खर्च होतो.

दोन-चार गावठी कोंबड्या असतील तर काही करू नका, दिवस वाढला की अंडी वाढतात. वीस-पंचवीस कोंबड्या असतील तर खुराड्यात एक छोटा एलईडी बल्ब लावा. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत पहाटे चार ते उजाडेपर्यंत. वेळ रोज तीच ठेवा. संध्याकाळी नको, अचानक अंधार झाला की कोंबड्या गोंधळतात. फरक दिसायला तीन-चार आठवडे जातात. सहा महिन्यांच्या आतल्या तलंगांना हा जादा उजेड देऊ नका.

*६) खातेय काय?*

नुसत्या मक्या-बाजरीवर पोट भरतं, अंडं बनत नाही. मक्यात प्रथिनं ८-९ टक्केच, अंड्यावरच्या कोंबडीला १६ टक्क्यांच्या आसपास लागतात. घरचं मिश्रण, एक किलोसाठी:

- मका किंवा बाजरीचा भरडा: ६५० ग्रॅम
- शेंगदाणा पेंड (ताजी): २०० ग्रॅम
- गव्हाचा कोंडा: १५० ग्रॅम

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी ४०-५० ग्रॅम, म्हणजे एक मूठ. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ती गरजेपुरता खाते. एका टरफलात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. पाणी चोवीस तास, स्वच्छ. एक दिवस पाणी तुटलं तरी अंडी घटतात.

आपल्या भागातल्या चार गोष्टी टाळा:
- *कच्चं सोयाबीन:* पचत नाही. चांगलं भाजून, भरडूनच द्या.
- *बुरशी लागलेला मका किंवा पेंड:* विषबाधा होते, अंडी बंद होतात.
- *सडका कांदा:* चाळीतला टाकाऊ कांदा कोंबड्यांपुढं टाकू नका. जास्त पोटात गेला तर रक्त कमी होतं.
- *फवारणी आणि उंदराचं औषध:* फवारलेल्या प्लॉटमध्ये आणि औषध ठेवलेल्या चाळीजवळ कोंबड्या सोडू नका.

*७) आजार: इथं वाट बघू नका*

हिरवट पातळ विष्ठा, तोंड उघडून श्वास, मान वाकडी होणं ही मानमोडीची लक्षणं आहेत. मानमोडीवर औषध नाही, लसच आहे. पेंग्विनसारखी उभी राहून जोर काढत असेल तर अंडं अडकलेलं असू शकतं. वजन घटलंय, तुरा फिका आहे तर जंत असू शकतात.

मी शेतीचा सल्लागार, जनावरांचा डॉक्टर नाही. औषध आणि डोस पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच घ्या, आणि औषध चालू असताना अंडी किती दिवस खायची-विकायची नाहीत तेही विचारा. एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर हात लावू नका, विकू नका, लगेच दवाखान्यात किंवा १९६२ वर कळवा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा किती पक्षी नष्ट करावे लागले हे जुन्या लोकांना आठवत असेल.

*आता काय करायचं?*

सात दिवस वहीत लिहा: वय, पिसं, बोटांचं माप, रोजचा दाणा, अंडं मिळालं की नाही. कोंबडी तरुण आहे आणि खुडूक किंवा पिसं बदलतेय, तर *ठेवा*. तीन वर्षांच्या वर आहे, एक बोट बसतं आणि खुराक देऊनही दोन-तीन महिन्यांत बदल नाही, तर *विकायला हरकत नाही*. आजारी वाटली तर वेगळी ठेवा, *बाजारात नेऊ नका*. तुमच्या एका कोंबडीमुळं दुसऱ्याचं खुराडं रिकामं व्हायला नको.

फोटो आणि वहीतली माहिती ग्रुपवर टाका, बघून सांगतो. हा मेसेज घरात कोंबड्या जो सांभाळतो त्याला नक्की वाचून दाखवा.