फ्लॅशवाल्याचा दिवस

पहाटे साडेचार

थंडीत या वेळेला कोल्हापुरात दूधवाले आणि पैलवान सोडले तर कोणी जागं नसतं. आज मला उठावं लागलं, कारण पहिलं काम तालमीतलंच आहे. टेबलावर रात्रभर चार्ज झालेले सेल पडलेत: फ्लॅशसाठी पेन्सिल सेलचे चार-चारचे संच, ट्रिगरसाठी रिमोटच्या मापाचे बारीक सेल, दोन-दोन. प्रत्येक संचाला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी आहे. लालमधला सेल निळ्यात गेलेला मला चालत नाही. चारांत एक म्हातारा निघाला की फ्लॅश भरायला वेळ घेतो आणि नेमका हवा तो फोटो अंधारात जातो.

ट्रिगरचे संपर्कबिंदू खोडरबराने घासून घेतले. स्वस्तातल्या ट्रिगरची निम्मी दुखणी इथेच असतात. लोक म्हणतात रेंज गेली, चिनी माल तो चिनी माल. बघायला जावं तर हॉट शूमध्ये धूळ असते, नाहीतर फ्लॅश पूर्ण आत सरकलेलाच नसतो.

यंत्र म्हणाल तर फार साधं. एक डबी कॅमेऱ्याच्या डोक्यावर, दुसरी फ्लॅशच्या पायाखाली. शटर उघडलं की पहिली डबी रेडिओ लहरीने दुसरीला इशारा देते आणि फ्लॅश उडतो. उजेड किती पाडायचा, ते ही जोडी सांगत नाही. टीटीएल, म्हणजे उजेड आपोआप ठरवणं, नाही. हाय-स्पीड सिंक, म्हणजे वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणं, तेही नाही. दोन हजारांच्या आत मिळालेल्या जोडीकडून मी ती अपेक्षाही ठेवत नाही. महागड्या संचात कॅमेऱ्याजवळ उभं राहून लांबच्या फ्लॅशची पॉवर कमी-जास्त करता येते. माझ्याकडे त्या कामाला भाचा आहे.

पावणेसहा

तालमीत आत पाय ठेवला की तांबड्या मातीचा वास येतो. ताक, तेल, हळद, कापूर मुरलेली माती. हौद्यावर दोन ट्यूबलाइट, बाकी दगडी भिंती आणि अंधार. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश इथे मारला तर काय होतं ते मी नवख्यांच्या फोटोंत पाहिलंय: पैलवानाचं अंग पत्र्यासारखं सपाट, मागे मिट्ट काळोख, आणि समोरच्याच्या डोळ्यांवर झगझगाट.

वस्तादांनी अट आधीच घातली होती. “पोरगं डाव टाकायला गेलं आणि तुझा लाइट डोळ्यात गेला तर मान मोडंल त्याची. तेवढं बघ.”

“वस्ताद, दोन्ही लाइट डोक्याच्या वर लावतो. तुम्ही आधी हौद्यात उभं राहून बघा, त्रास वाटला तर काढून टाकतो.”

ते खरंच उभे राहिले. चार वेळा फ्लॅश उडवून दाखवला, मान हलली, मग काम सुरू.

एक फ्लॅश कोपऱ्यात, स्टँड पूर्ण वर चढवून, हौद्याच्या मध्यापासून अंदाजे चार मीटरवर. दुसरा समोरच्या बाजूला, खिडकीच्या वरच्या फळीवर, पैलवानांच्या पाठीमागून येईल असा. पहिल्याने अंगाचा उठाव दिसतो, दुसऱ्याने घामाची आणि मातीची कड उजळते. पॉवर दोन्हींची १/१६. कॅमेरा आयएसओ ८००, एफ-४, शटर १/१६०.

हे आकडे एकदा बसले की सकाळभर बदलावे लागत नाहीत, आणि स्वस्त ट्रिगर मला पुरतो तो याच कारणाने. फ्लॅश स्टँडवर आहे, कुस्ती हौद्यात आहे. दोघांतलं अंतर फारसं हलत नाही. मी जवळ जाऊ, लांब जाऊ, पोटावर झोपून फोटो घेऊ, पैलवानावर पडणारा उजेड तेवढाच राहतो. फ्लॅश कॅमेऱ्यावर असता तर मी दोन पावलं सरकलो तरी उजेड बदलला असता, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. तिथे टीटीएलची गरज खरी. इथे नाही.

कमी पॉवरचा आणखी एक फायदा तालमीत डोळ्यांनी दिसतो. फ्लॅशची पॉवर कमी करणं म्हणजे तो कमी वेळ पेटवणं. १/१६ ला ती चमक सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापेक्षाही छोटी असते. धोबीपछाड बसली, तळातल्या गड्याच्या पाठीखालून माती उडाली, आणि मातीचा कण न् कण हवेत थांबलेला फोटोत आला. शटर तर १/१६० च होतं. कुस्ती थांबवली ती फ्लॅशने. पुन्हा भरायला वेळ लागत नाही, म्हणून लागोपाठ तीन-चार फोटोही मिळतात.

मध्ये खिडकीतला फ्लॅश दोनदा उडाला नाही. भाचा म्हणाला, “मामा, सेल गेले.” सेल ठीक होते. माझ्या आणि खिडकीच्या मध्ये पाच-सहा पैलवान येऊन उभे होते. खोक्यावर शंभर मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना पाणी शोषून घेतं, आणि माणूस बहुतांशी पाणीच. कॅमेरा वीतभर वर धरला, फ्लॅश उडायला लागला.

साडेआठ

माती झाडली, थंडाई नको म्हणता म्हणता प्यावी लागली, घरी जाऊन आंघोळ.

साडेदहा

हुपरी. गावात शिरलं की घराघरातून चांदीच्या कामाची टकटक ऐकू येते. एका कारखानदारांना पैंजणांचा कॅटलॉग करायचाय. मला माडीवरची खोली दिली, खिडक्यांना चादरी बांधून घेतल्या.

चांदीचा फोटो काढणं म्हणजे चांदीत काय दिसतंय त्याचा फोटो काढणं. घुंगराच्या प्रत्येक मण्यात खोली, स्टँड, मी, माझा चेकचा शर्ट, सगळं येतं. म्हणून काळा शर्ट घालून आलो. पैंजण दुधी अॅक्रिलिकवर मांडला, त्याच्यावर ट्रेसिंग पेपरचा मांडव केला आणि फ्लॅश मांडवाच्या वर, कागदापासून पंचेचाळीस सेंटिमीटरवर, १/८ पॉवरला ठेवला. आता मण्यांत फक्त पांढरा कागद दिसतो. पण नुसतं पांढरं दिसलं तर चांदी खडूसारखी वाटते, म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या कार्डपेपरच्या पट्ट्या उभ्या केल्या. त्या पट्ट्यांची काळी रेघ प्रत्येक कडीच्या काठाला उमटते आणि नक्षी उठून येते. पट्टी बोटभर सरकवली तरी फरक पडतो. अर्धा तास मी याच सरकवासरकवीत घालवला आणि मला त्याचं काही वाटलं नाही. दिवसातलं हे काम मला सगळ्यात आवडतं.

दुसरा फ्लॅश अॅक्रिलिकच्या खाली, तळ उजळायला. त्याला ट्रिगर लावलाच नाही. फ्लॅशमध्येच स्लेव्ह असतो, समोर दुसरा फ्लॅश चमकलेला दिसला की हा उडतो. लग्नात मी स्लेव्ह कधी वापरत नाही, कारण पाहुण्यांपैकी कोणी फ्लॅश मारला तरी आपला उडतो आणि ऐन मुहूर्ताला रिकामा सापडतो. बंद खोलीत मात्र दुसरा फ्लॅश मारायला आहेच कोण? एक रिसीव्हर वाचला.

अकराच्या सुमाराला वीज गेली. खाली कारखान्यात आवाज बंद झाले, कारागीर चहाला बाहेर पडले. आमचं सगळं सेलवर असल्याने काम चालूच राहिलं. फोकस करायला भाच्याने मोबाइलची बॅटरी धरली.

कारखानदार मधूनमधून येऊन कॅमेऱ्याचा पडदा बघून जात. “सगळे सारखेच दिसायला पाहिजेत हं. एक पांढरा, एक काळपट असं नको. गिऱ्हाईक म्हणतंय चांदी वेगळी आहे.” त्यांची काळजी रास्त आहे. ऑटोमध्ये कॅमेरा समोरचा माल बघून उजेड ठरवतो. जाड पैंजणाला एक, नाजूक साखळीला दुसरा. मॅन्युअलमध्ये पहिल्या पैंजणाला जो उजेड, तोच शेवटच्याला. भाचा वहीत सगळं लिहून घेतो: पॉवर, अंतर, एफ-११, कागद किती उंच, पट्ट्या कुठे. खोलीचं चित्रही काढतो, बरं काढतो.

अडीच

स्टुडिओ. शाळेच्या फॉर्मचे, पासपोर्टचे फोटो. यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं एवढंच की कपाटातला वडिलांचा व्हिव्हिटार २८३ भाच्याला सापडला आणि तो कॅमेऱ्यावर लावायला निघाला. मी हात धरला. या जुन्या फ्लॅशच्या मधल्या टोकाला काही वेळा दोनशेच्या वर व्होल्ट असतात. तेव्हाच्या यांत्रिक कॅमेऱ्यांना ते सोसायचे, आजच्या कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं. मल्टिमीटरने मधलं टोक आणि बाजूची पट्टी मोजायला त्याला शिकवलं. आकडा बघून त्याने फ्लॅश लगेच खाली ठेवला. असा जुना फ्लॅश वापरायचाच तर रेडिओ ट्रिगर मध्ये असणं सोयीचं, म्हणजे कॅमेऱ्याला धक्का लागत नाही. पण रिसीव्हर स्वतः किती व्होल्ट सोसतो, ते त्याच्या माहितीपत्रकात आधी बघायचं.

पाच

रंकाळा. प्री-वेडिंगचं जोडपं, सोबत मुलीची बहीण, पिशव्या, तीन पोशाख. सूर्य शालिनी पॅलेसच्या बाजूला उतरायला लागलाय आणि जोडप्याला तो पाठीमागे हवाय. आभाळ नीट यावं असं फोटो घेतला की चेहरे काळे. चेहरे नीट घेतले की आभाळ पांढरं. म्हणून चेहऱ्यांवर फ्लॅश.

इथे स्वस्त ट्रिगरचा खरा कस लागतो. भाच्याचा प्रश्न होता, “मामा, शटर वाढवलं की आभाळ आपोआप गडद होईल की. मग १/२०० वरच का अडून बसायचं?” सांगण्यापेक्षा दाखवलं. १/२०० ला फोटो स्वच्छ. १/३२० ला तळाशी काळी पट्टी. १/५०० ला जोडपं कमरेपासून खाली गायब. शटरचे दोन पडदे असतात. पहिला उघडतो, दुसरा झाकतो. ठरावीक वेगापर्यंत मध्ये एक क्षण असा येतो की पूर्ण सेन्सर उघडा असतो, आणि फ्लॅश तेव्हाच उडायला हवा. त्याहून वेगात दुसरा पडदा आधीच निघालेला असतो. ट्रिगर इशारा पोचवायला किंचित वेळ घेतो, त्यामुळे स्वस्तातल्या ट्रिगरला कॅमेऱ्याच्या वरच्या मर्यादेवर नेण्यापेक्षा एक पायरी खाली राहिलेलं बरं.

मग आभाळ गडद करायचं ते अॅपर्चरने. आयएसओ १००, १/२००, एफ-११. आता फ्लॅशलाही तेवढ्या लहान भोकातून पोचायचंय. हिशेब तोंडी होतो: फ्लॅशपासून चेहऱ्यापर्यंत दोन मीटर, गुणिले अकरा, म्हणजे बावीसचा गाइड नंबर, फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, लागतो. उघडा फ्लॅश तो देतो. छत्री लावली तर दोनेक स्टॉप खाते, म्हणजे चव्वेचाळीस लागेल, आणि वाऱ्यात ती छत्री स्टँडसकट रंकाळ्यात जाईल ते वेगळंच. छत्री गाडीतच ठेवली. फ्लॅश उघडा, पूर्ण पॉवर, भाच्याच्या हातात, आणि वर नाटकवाल्यांकडून आणलेला केशरी जिलेटिनचा तुकडा. जिलेटिनही थोडा उजेड खातं, म्हणून भाचा अर्धं पाऊल पुढे. पूर्ण पॉवरला फ्लॅश भरायला काही सेकंद लागतात. जोडप्याला “थांबा, आता” असं म्हणत राहावं लागतं. महागडा हाय-स्पीड संच असता तर एफ-२.८ ला मागचं सगळं विरघळवता आलं असतं, हे मला मान्य आहे. त्यातही उजेड बराच खर्ची पडतो, पण अशा संध्याकाळी तो सरस ठरतो. पार्टीने पैसे दिले तर भाड्याने आणतो.

फिरायला आलेले एक आजोबा थांबले. “अहो, एवढं ऊन आहे, लाइट कशाला?”

पडद्यावर दोन फोटो दाखवले, फ्लॅश नसलेला आणि असलेला. त्यांनी नीट निरखले आणि म्हणाले, “बाबूराव पेंटरांच्या गावात मी हे विचारायला नको होतं.” खरंच आहे. १९२३ च्या ‘सिंहगड’ चित्रपटात पेंटरांनी कृत्रिम दिव्यांवर रात्रीचे प्रसंग चित्रित केले होते. या गावात दिव्याची चर्चा करायला माणूस शोधावा लागत नाही.

साडेपाच

माझा फ्लॅश आपोआप उडायला लागला. मी शटरला हात लावलेला नाही. भाचा दचकला, जोडपं हसायला लागलं. पुन्हा उडाला.

तीस-चाळीस पावलांवर दुसरी एक प्री-वेडिंग पार्टी होती. त्यांचा फोटोग्राफरही आपल्या फ्लॅशकडे संशयाने बघत होता. दोघंही एकमेकांकडे चालत निघालो.

“चॅनेल कुठलाय, भावा?”

“आलाय तसाच आहे.”

माझाही आलाय तसाच होता. डबीच्या पोटात चार बारीक खटके असतात, त्यांच्या वर-खाली जुळणीतून सोळा चॅनेल होतात, आणि ते कोणीही बदलत नाही. त्याने पहिले दोन खाली केले, मी शेवटचे दोन. सूर्य बुडायला पाऊण तास होता, भांडायला वेळ नव्हता. जाताना त्याने दोन बारीक सेल मागून घेतले.

साडेआठ

घरी. तांबडी माती, ट्रेसिंग पेपरचे तुकडे, रंकाळ्याची वाळू हे सगळं एकाच बॅगेतून निघालं. सेल काढून चार्जरवर लावले. ट्रिगर दोन दिवसही पडून राहणार असला तरी मी सेल आत ठेवत नाही. गळले तर डबी जाते. फोटो दोन डिस्कवर उतरवले.

जेवताना हुपरीहून फोन. नमुने आवडलेत, अकरा डिझाइनं आणखी निघालीत, पण आजच्यासारखीच दिसली पाहिजेत, कॅटलॉगमध्ये शेजारी-शेजारी छापायचीत. गुरुवारी जमेल का?

भाच्याने ताट बाजूला सारून वही उघडली, दुधी अॅक्रिलिक आणि कागदी मांडवाचं चित्र असलेलं पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं. गुरुवारी साडेदहा, मी सांगितलं, आणि तीच खोली रिकामी ठेवा.