गोचीड ओळखायची तर तोंड बघा

गाईच्या कासेवरून काढलेल्या गोचिडीचा फोटो पाठवून एका वाचकांनी विचारलंय, 'ही कोणत्या जातीची?' फोटोत दिसतंय ते नुसतं पोट. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुठल्याही जातीची असो, एरंडाच्या बीसारखीच दिसते. जात कळते ती तोंडावरून, आणि हिसका मारून काढताना नेमकं तेच कातडीत तुटून राहतं! चिमट्याने कातडीलगत धरून सरळ उपटा, स्पिरिटमध्ये टाका, मग भिंग घ्या. तोंड आखूड आणि त्याचा बुडखा षटकोनी असेल, तर ती बहुधा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. लांब, पुढे आलेलं तोंड आणि पायांवर फिकट कडी असतील, तर हायलोमा. शेजारी नर सापडला तर उत्तम. तो मादीइतका फुगत नाही, त्यामुळे त्याच्या खुणा शाबूत राहतात. मायक्रोप्लसच्या नराला तर मागे इवलंसं शेपूट असतं.

एवढा खटाटोप कशाला? मायक्रोप्लस पिल्लू म्हणून गाईवर चढते ती तीनेक आठवड्यांनी रक्ताने भरूनच उतरते. हायलोमा अ‍ॅनाटोलिकम मात्र मधेच उतरून गोठ्याच्या भिंतीतल्या भेगांत दडते, कात टाकते, पुन्हा चढते. संकरित गाईंना आडवं करणारा थायलेरिया हा परजीवी पसरवते ती हीच, आणि तिच्यापुढे नुसती गाय फवारून भागत नाही.

मायक्रोप्लसच्या अमेरिकी बहिणीचं, अ‍ॅन्युलेटसचं, हे एकाच गाईवरचं बिऱ्हाड उलगडलं कूपर कर्टिस या पशुवैद्याने. तिकडे दक्षिणेतली धडधाकट गुरं उत्तरेत नेली की उत्तरेतली गुरं 'टेक्सास तापा'ने पटापट मरत. कर्टिसचा सहकारी थिओबाल्ड स्मिथ याला आजारी गुरांच्या तांबड्या पेशींत परजीवी सापडला; दुसरा सहकारी किलबोर्न याने दक्षिणेतल्या गुरांच्या गोचिडी हाताने वेचून काढल्या, तेव्हा उत्तरेतली गुरं वाचली. कर्टिसने अंडी उबवून पिल्लं वाढवली. गोचीडच हा ताप पसरवते असं सांगणाऱ्या १८९३च्या गाजलेल्या अहवालावर नावं मात्र स्मिथ आणि किलबोर्न यांचीच. (सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला तो १८९७ मध्ये, म्हणजे गोचीड मलेरियाच्या डासाच्या चार वर्षं पुढे!)

१९०६ मध्ये अमेरिकेने गोचीड-निर्मूलन हाती घेतलं ते कर्टिसच्याच हिशेबावर: गुरं औषधाच्या हौदातून काढा किंवा कुरण रिकामं ठेवा, पिल्लं उपाशी मरतील. १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेलगतचा पट्टा सोडून देश मोकळा झाला. कर्टिसने १८९१ मध्ये मांडलेली बूफिलस ही प्रजातीही पुढे डीएनएच्या पुराव्यावरून ऱ्हिपिसेफॅलसमध्ये विलीन झाली. तेव्हा जुन्या पुस्तकात बूफिलस मायक्रोप्लस भेटली, तर ती हीच.