आजोबा झाडाला, बैल मोकळा

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दारव्हा तालुक्यातल्या एका शाळेत मी नववीला इंग्रजी शिकवत होतो. पोळा नुकताच झाला होता, म्हणून पोरांना पोळ्यावरच दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या. रात्री वह्या तपासायला बसलो, तर एका वहीत ओळ होती : 'टाइड टू द नीम ट्री, माय ग्रँडफादर फेड द बुलक.' पोराच्या मनात कडुनिंबाला बैल बांधलेला होता आणि आजोबा त्याला चारत होते. कागदावर मात्र आजोबाच कडुनिंबाला बांधलेले, आणि त्या अवस्थेतही बिचारे बैलाला चारताहेत. मी हसलो, लाल शाईची खूण केली आणि मग पेन तसाच हातात राहिला. चूक कुठं आहे ते दिसत होतं. ती का झाली, हे त्या पोराला कसं सांगायचं ते मात्र सुचेना.

दुसऱ्या दिवशी त्याला उभं केलं. तो जरा दुखावलेलाच होता. म्हणाला, "सर, म्या तं जसंच्या तसं लिवलं. कडुनिंबाले बांधलेल्या बैलाले आबाजीनं चारा टाकला." मी तेच वाक्य फळ्यावर लिहिलं, खाली त्याचं इंग्रजी लिहिलं, आणि उलगडा झाला. मराठी वाक्य 'कडुनिंबाले बांधलेल्या' इथून सुरू होतं, म्हणून त्यानं इंग्रजीही तिथूनच सुरू केलं. मराठीत त्याच्या पाठोपाठ 'बैलाले' येतं. इंग्रजीत मात्र कर्ता आधी हवा, हे त्याला आम्हीच घोकून घोकून शिकवलेलं. म्हणून कर्ता मध्ये घुसला आणि बैलाच्या दाव्यात आबाजींची मान गेली. पोरानं दोन्ही भाषांचे नियम पाळले होते, आणि दोन्ही पाळल्यामुळंच घोटाळा झाला होता.

तेव्हापासून हा नाद लागला तो लागलाच. निवृत्त होईपर्यंत असली वाक्यं मी एका लांबड्या वहीत उतरवत गेलो. पोरांची नावं टिपली नाहीत, फक्त वाक्यं टिपली.

व्याकरणाची पुस्तकं या प्रकाराला 'मिसप्लेस्ड मॉडिफायर' म्हणतात. दुसऱ्या शब्दाबद्दल जास्तीचं काही सांगणारा शब्द किंवा शब्दांचा पुंजका म्हणजे मॉडिफायर. तो भलत्याच शब्दाशेजारी जाऊन बसला की झाला मिसप्लेस्ड. ज्याच्याबद्दल तो बोलतोय तो शब्द वाक्यात नसलाच, तर तो 'डँगलिंग', म्हणजे नुसता लोंबकळणारा. इतिहास सांगायचा तर थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझा जीव रमत नाही. जुन्या इंग्रजीतही आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय होते. ते शतकानुशतकं झिजत गेले आणि नातं सांगायचं काम शब्दांच्या क्रमावर आलं. मग 1762 साली रॉबर्ट लोथ या पाद्र्याचं व्याकरण निघालं. 1795 साली लिंडली मरेचं निघालं. हा मूळचा अमेरिकन वकील, इंग्लंडात यॉर्कला येऊन राहिला आणि तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्यानं पुस्तक लिहिलं. आपल्याकडं तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि नंतर रेन अँड मार्टिन. यातले रेनसाहेब 'बो जेस्ट' ही गाजलेली कादंबरी लिहिणारे तेच. झाला इतिहास.

आता माझ्या आवडत्या कोपऱ्यात येतो. दुधाची पाटी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे : 'शुद्ध म्हशीचे दूध मिळेल.' यावरचा विनोदही शिळा झाला आहे, की म्हैस शुद्ध आहे तर दुधाचं काय? पण गंमत त्या विनोदाच्या पुढं आहे. 'शुद्ध' काढा आणि तिथं 'ताजं' घाला : 'ताजं म्हशीचं दूध.' जागा तीच, चुकीचीच. तरी कुणी हसत नाही. का? 'ताजं'वरचा अनुस्वार नपुंसकलिंगी आहे, तो थेट दुधाशी बोलतो, म्हशीकडं बघतही नाही. म्हशीबद्दल बोलायचं असतं तर 'ताज्या म्हशीचं' झालं असतं. 'ताजा' हा शब्द आपलं नातं अंगावर वागवतो, लग्न झालेल्या बाईच्या गळ्यातल्या पोतीसारखं. 'शुद्ध' बिचारा कोराच. त्याला प्रत्यय लागत नाही, मग त्याची ओळख शेजाऱ्यावरून करायची. इंग्रजीतली सगळी विशेषणं अशी 'शुद्ध'सारखी आहेत. 'ताजा'सारखं एकही नाही.

ही एवढीशी गोष्ट कळायला मला नोकरीची दहा वर्षं लागली. नंतर वर्गात मी तिथूनच सुरुवात करायचो. फळ्यावर म्हैस काढायची, शेजारी दूध काढायचं आणि पोरांना म्हणायचं, इंग्रजीत सगळेच शब्द कोरे आहेत, तेव्हा ज्याला त्याला त्याच्या माणसाशेजारीच बसवा. माझ्या वर्गात काही पोरं घरी गोरमाटी बोलणारी असत, पुढं बदली झाली तेव्हा पांढरकवड्याकडं कोलामीही भेटली. म्हैस सगळ्यांना कळायची.

बापूजी अणे यांची मला इथं हमखास आठवण होते. जन्म वणीचा, वकिली यवतमाळची. कायद्याचं इंग्रजी त्यांच्या रोजच्या वापरातलं, आणि टिळकांचं चरित्र मात्र त्यांनी लिहिलं संस्कृत श्लोकांत. त्या 'श्रीतिलकयशोर्णवा'ला 1973 साली, त्यांच्या मागं, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. संस्कृतात विभक्ती इतकी पक्की की विशेषण ओळीच्या या टोकाला आणि विशेष्य त्या टोकाला असलं तरी दोघं एकमेकांना ओळखतात. कायद्याच्या इंग्रजीत एक शब्द हातभर सरकला तर दावा फिरतो. या दोन्ही भाषांत हा माणूस कसा वावरला असेल, याचं मला कायम कुतूहल वाटत आलं आहे.

दावा फिरतो हे उगाच म्हटलं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 2016 साली लॉकहार्ट नावाच्या आरोपीचा खटला आला. कायद्यात एकापुढं एक तीन गुन्हे लिहिलेले आणि शेवटी शेपूट : 'अल्पवयीन किंवा ताब्यातल्या व्यक्तीबाबतचा.' हे शेपूट फक्त तिसऱ्या गुन्ह्याचं की तिन्हींचं? त्यावर आरोपीची किमान दहा वर्षांची शिक्षा अवलंबून होती. सहा न्यायमूर्ती म्हणाले, फक्त तिसऱ्याचं. दोघं म्हणाले, तिन्हींचं. पुढं 2021 साली फेसबुकच्या एका खटल्यात असंच शेपूट आलं. तेव्हा न्यायालय एकमतानं म्हणालं, की हे आधीच्या दोन्ही क्रियापदांना लागतं.

आपली खरेदीखतं काही वेगळी नाहीत. आमच्या नात्यात एका शेताच्या खतात 'पूर्वेकडील विहीर व गोठा' असं लिहिलेलं होतं. गोठे दोन होते, एक पूर्वेला आणि एक धुऱ्याजवळ पश्चिमेला. विकणारा म्हणे पूर्वेचाच गोठा दिला, घेणारा म्हणे 'पूर्वेकडील' फक्त विहिरीला आहे, गोठे दोन्ही माझे. दोन दिवाळ्या बोलचाल बंद होती. मी ते खत वाचलं आणि माझ्या वहीसाठी आनंद झाला, हे कबूल करायला हवं. दोष त्या कचेरीतल्या 'ईल'चा. 'पूर्वेकडील' स्त्रीलिंगी नाही, पुल्लिंगी नाही, 'शुद्ध'सारखंच कोरं. घरच्या भाषेत 'पूर्वेकडची विहीर' म्हटलं असतं, तर लिहिणाऱ्याच्या कानाला गोठ्यापाशी अडखळल्यासारखं झालं असतं आणि तिथं त्यानं वेगळं 'पूर्वेकडचा' घातलं असतं. सरकारी मराठी भारदस्त व्हायला गेली, की इंग्रजीची दुखणी अंगावर घेते, असं माझं मत झालं आहे.

लोंबकळणाऱ्या वाक्यांचा मासला : 'व्हाइल क्रॉसिंग द रोड, ए ट्रक हिट माय अंकल.' यातही पोरांचं काही चुकलेलं नसतं. 'रस्ता ओलांडताना ट्रकनं काकांना धडक दिली' हे आपण रोज बोलतो आणि रस्ता काका ओलांडत होते हे कुणालाही कळतं. आपलं 'ताना' उदार आहे. त्याला वाक्यातला कुणीही चालतो. इंग्रजीतलं 'इंग' मात्र वाक्याच्या कर्त्यालाच जाऊन चिकटतं, म्हणजे रस्ता ओलांडला तो ट्रकनं. हे समजावायला मला एक गुरुकिल्ली सापडली, आणि तिचा मला आजही अभिमान आहे. वाक्य मराठीत आणा, पण 'ताना' किंवा 'ल्यावर' लावू नका, 'ऊन' लावा. 'रस्ता ओलांडून ट्रकनं काकांना धडक दिली.' लगेच ट्रक रस्ता ओलांडताना दिसतो. 'रीचिंग होम, द रेन स्टार्टेड'चं करा : 'घरी पोचून पाऊस सुरू झाला.' पोरं हसलीच पाहिजेत. कारण आपलं 'ऊन' इंग्रजीच्या 'इंग'इतकंच कडक आहे, त्याला मुख्य क्रियेचाच कर्ता लागतो. म्हणजे जो नियम शिकवायला रेन अँड मार्टिन लागतं, तो पोरांच्या कानात आधीच असतो. आम्ही तो शोधायला भलतीकडं जात होतो.

एका मुलीनं मात्र माझी किल्ली अडकवली. म्हणाली, "सर, 'बाबा जाऊन चार वर्षं झाली' असं आपण म्हणतोच की. इथं कुठं कर्ता एक हाय?" वर्ग गप्प झाला. तिचे वडील खरंच गेलेले होते, ते मला माहीत होतं. मी म्हणालो, काळ मोजताना मराठी सूट देते. इंग्रजीही अशी सूट देते, 'जनरली स्पीकिंग'सारख्या रुळलेल्या बोलण्यांना कुणी कर्ता विचारत नाही. तिला उत्तर पटलं. मला तिचा प्रश्न उत्तराहून मोठा वाटला.

आणि 'ओन्ली'! त्यावर मी अंकभर लिहू शकेन, संपादकांनी भिऊ नये. एकच वाक्य घ्या : सरपंचानं काल मला बैल दाखवला. आपला 'च' एकेकाला लावत चला. सरपंचानंच, कालच, मलाच, बैलच. हा एवढासा अक्षराचा तुकडा, पण गोचिडासारखा चिकटतो. ज्याला लागला त्याचाच. इंग्रजीतलं 'ओन्ली' हे पोळ्याला मोकाट सुटलेलं गोऱ्हं आहे. 'आय ओन्ली डेकोरेटेड थ्री बुलक्स' म्हणजे तीनच बैल सजवले, की बैलांना नुसतं सजवलं, मिरवणुकीत नेलंच नाही? कडक मास्तर सांगतात, 'ओन्ली' तीनच्या अंगाला लावा. फाउलरनं मात्र 1926 सालच्या आपल्या कोशात या कडकपणाची टर उडवली आहे. घोटाळा होत नसेल, तर बोलताना शब्द जिथं पडतो तिथं पडू द्यावा, असं त्याचं म्हणणं. मी फाउलरच्या बाजूचा.

म्हणूनच आपली माणसं 'ही इज इन यवतमाळ ओन्ली' म्हणतात त्याला मी हसत नाही. तो 'यवतमाळातच'चा 'च' आहे. आपली सवय अशी, की च शब्दाच्या मागं चिकटवायचा. 'ओन्ली'लाही पोरांनी तशीच शिस्त लावली. परीक्षेत मार्क जातात म्हणून मी खुणा करायचो, पण मनातून ती दुरुस्ती मला कधी पटली नाही.

'ऑलमोस्ट' आणि 'नियरली' यांना मात्र माझ्याकडं सूट नव्हती. 'माय फादर नियरली सोल्ड ऑल द कॉटन' असं एकानं लिहिलं. मी विचारलं, "म्हणजे कापूस विकता विकता राहिला?" तो म्हणाला, "नाई सर, दोन क्विंटल ठेवला, बाकी सारा गेला." मग 'नियरली' उचलून 'ऑल'च्या शेजारी आणायला हवं. सातबाऱ्यावर आणि कापसाच्या पावतीवर एवढा फरक म्हणजे घरातलं वर्षभराचं मीठमिरची.

आमची शकुंतलाही या वहीत आहे. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजची ही गाडी, तिला मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत ओढत होतं. एकानं लिहिलं : 'रनिंग व्हेरी स्लोली, वी गॉट डाउन फ्रॉम द शकुंतला.' आता हळू धावतंय कोण? व्याकरणानं पाहिलं तर आम्ही. पण त्या गाडीतून उतरून, बोरं तोडून, पुन्हा चढल्याच्या गोष्टी ज्यानं ऐकल्यात, त्याला दोन्ही अर्थ खरे वाटतील. त्या वाक्याला मी पूर्ण गुण दिले होते.

शेवटचं वाक्य निवृत्तीच्या आसपासचं. 2019 साली टिपेश्वरच्या जंगलातला एक तरुण वाघ निघाला आणि तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. 'वॉकर' म्हणून तो पेपरात गाजला. त्याच्या गळ्यात पट्टा होता, म्हणून वाट कळली. मी दहावीच्या वर्गात फळ्यावर मुद्दाम लिहिलं : 'वेअरिंग ए रेडिओ कॉलर, द फॉरेस्ट ऑफिसर्स फॉलोड द टायगर.' पोरं लगेच हसली, साहेबांच्या गळ्यात पट्टा! एकजण उठला, खडू घेतला आणि दुरुस्त केलं : 'द फॉरेस्ट ऑफिसर्स फॉलोड द टायगर वेअरिंग ए रेडिओ कॉलर.' मी शाबासकी दिली. मग त्याला वाटलं, वाक्य जरा सजवावं. त्यानं पट्टा पुसला आणि तिथं 'इन ए जीप' लिहिलं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, वाघ जीपमदी कसा काय बसला?"

अर्धा वर्ग म्हणाला जीपमध्ये साहेब आहेत, अर्धा म्हणाला वाघ. 'इन ए जीप' उचलून एकानं सुरुवातीला नेलं, दुसऱ्यानं मध्ये ठेवलं, तिसरी म्हणाली जीपच काढून टाका, पायी जाऊ द्या. घंटा झाली, पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहिले, तरी वाघ काही जीपमधून उतरला नव्हता.