पवनेचा वाटा

कामशेतहून दक्षिणेस वळलेला रस्ता बेडसे लेण्यांच्या डोंगराला वळसा घालून पवनानगरच्या खोऱ्यात उतरतो, तेव्हा उत्तरेस लोहगड आणि विसापूर, पश्चिमेस तुंग व दक्षिणेस तिकोना अशा चार दुर्गांच्या मध्ये जे विस्तीर्ण जल पसरलेले दिसते, ते पाहताना येथे अर्धशतकापूर्वी नांदती गावे आणि भातखाचरे होती याचे स्मरण क्वचितच कोणास होते. उन्हाळ्यात साठा उतरला की जलाशयाच्या उदरातून वाघेश्वराचे प्राचीन शिवालय वर येते आणि बुडालेल्या वसाहतीची तेवढी एक खूण काही महिने उघडी राहते. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांपैकी कित्येक खातेदारांच्या पुनर्वसनाची प्रकरणे सरकारी दप्तरात आजही निकालाविना पडून आहेत, आणि पवनेचा कोणताही हिशेब या जुन्या देण्याची नोंद करूनच मांडावयास हवा.

धरण १९७२ च्या सुमारास पूर्ण झाले. त्याची उपयुक्त साठवण सुमारे साडेआठ टीएमसी आहे. ज्या पिंपरी-चिंचवडची तहान आज मुख्यतः ते भागवते, ती त्या वेळी १९७० साली स्थापन झालेली एक नवखी नगरपालिका होती. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये झाली होती, पुढे १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, कारखान्यांमागून वसाहती वाढल्या, आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. जलाशय मात्र होता तेवढाच राहिला.

या धरणाचे वैशिष्ट्य असे की, त्याच्या पाण्याची वाहक स्वतः नदीच आहे. पायथ्याच्या जलविद्युत केंद्रातून सोडलेले पाणी पवनेच्या पात्रातून सुमारे पस्तीस किलोमीटर वाहत रावेतच्या बंधाऱ्याशी येते, तेथे महानगरपालिका व औद्योगिक विकास महामंडळ ते उपसून घेतात आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन ते शहराच्या नळांना लागते. मधल्या वाटेवर येळसे, कडधे, बेबडओहोळ, साळुंब्रे, गहुंजे अशा गावांच्या विहिरी त्याच प्रवाहाने पाझरतात, ऊस आणि भाजीपाला त्यावरच उभा राहतो, आणि फेब्रुवारीत परदेशी जाणारे पवन मावळातील हरितगृहांचे गुलाबही त्याच पाण्यावर फुलतात. शहरासाठी सोडलेले पाणी जाता जाता एक संपूर्ण खोरे जगवीत जाते.

या व्यवस्थेचे अंतरंग तिच्या जमाखर्चात आहे. घाटमाथ्याजवळ लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर शहर मात्र पर्जन्यछायेत वसलेले. म्हणून जे मिळवावयाचे ते पावसाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत, आणि पुरवावयाचे ते पुढील पावसाची खात्री होईपर्यंत, ज्यासाठी पाटबंधारे खात्याने १५ जुलै ही मर्यादा मुक्रर केली आहे. रावेतहून महानगरपालिकेचा उपसा दिवसाला पन्नास कोटी लिटरांच्या आसपास धरला, तर पावसाळा संपल्यावर १५ ऑक्टोबरपासूनच्या नऊ महिन्यांत एकट्या शहरास सुमारे पावणेपाच टीएमसी पाणी लागते. उरलेल्यात कारखाने, तळेगावसारखी गावे, शेतीचा उपसा आणि उन्हाने होणारे बाष्पीभवन ही सर्व भागवावयाची.

पावसाळ्यात याच्या उलट चिंता असते. धरण लवकर भरून घ्यावे तर श्रावणातील एखाद्या मुसळधार रात्री येव्याला जागा उरत नाही, सांडव्याचे दरवाजे घाईने उचलावे लागतात आणि चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधिमंदिरात पुराचे पाणी शिरते. जागा राखून ठेवावी आणि पावसाने मध्येच पाठ फिरवावी, तर पुढचा उन्हाळा कोरडा जातो. साठा कोणत्या तारखेस किती असावा हे ठरविणे यामुळे नुसते गणित राहत नाही. त्यात धरणाखालच्या माणसांची जबाबदारी पत्करलेली असते.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. २०१९ साली धरण तुडुंब भरलेले असतानाही त्या वर्षीच्या २५ नोव्हेंबरपासून शहरास दिवसाआड पाणी देण्याची पाळी आली, कारण उपसण्याची, शुद्ध करण्याची आणि समन्यायी वाटपाची यंत्रणा लोकवस्तीच्या मागे पडली होती. साठा असणे आणि पाणी मिळणे यांत असे अंतर असते.

नदीतून पाणी नेण्यास पर्याय म्हणून धरणापासून निगडीपर्यंत सुमारे पस्तीस किलोमीटरची बंदिस्त जलवाहिनी टाकण्याची योजना याच्या कितीतरी आधी पुढे आली होती. वाटेतील गळती व अनधिकृत उपसा टळेल आणि वाढत्या वस्त्यांचे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळणार नाही, हा तिच्या बाजूचा युक्तिवाद खोटा नव्हता. परंतु नळातून गेलेले पाणी नदीतून जाणार नाही, हे पवन मावळातील शेतकऱ्याने तत्क्षणी ओळखले. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तीन जणांचा बळी गेला आणि काम स्थगित झाले. धरणाविरुद्ध झालेल्या १९२१ च्या मुळशी सत्याग्रहाची भूमी येथून एका डोंगररांगेपलीकडे आहे. विश्वासात न घेता आखलेल्या जलयोजनेचे काय होते, हे या मावळ्यांना नव्वद वर्षांत दुसऱ्यांदा पाहावे लागले.

माझ्या मते खरा प्रश्न नळ की नदी असा नाहीच. रावेतच्या खाली जाऊन पाहावे. तेथवर तुलनेने स्वच्छ आलेला प्रवाह बंधाऱ्याशी जवळजवळ संपतो, आणि थेरगावच्या केजूदेवी बंधाऱ्यावर कधी पांढरा फेस, कधी मेलेले मासे, तर उन्हाळ्यात काठापासून काठापर्यंत जलपर्णी दिसते, कारण तेथून दापोडीजवळ मुळेस मिळेपर्यंत पवनेस जे पाणी मिळते ते बहुतांशी शहराने वापरून टाकलेले असते. धरणाच्या ताळेबंदात पिण्यासाठी तरतूद आहे, उद्योगासाठी आहे, शेतीसाठी आहे; २०११ मध्ये शासनाने शेतीस उद्योगाच्या वर स्थान दिले, तेव्हाही नदीच्या नावे स्वतंत्र खाते उघडले गेले नाही. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीने प्रवाहाचा काही अंश नदीसाठी राखण्याचा पुरस्कार केला आहे. वर्षभर, अगदी वैशाखातही, रावेतच्या बंधाऱ्यावरून वाहून जाऊ द्यावयाच्या पाण्याचा आकडा १५ ऑक्टोबरच्या नियोजनातच घालावा, आणि तो पिण्याच्या पाण्याच्या आकड्याइतकाच बंधनकारक मानावा.

नदीचा वाटा ठरविण्याचा हा निर्णय आता केवळ पवनेपुरता नाही. आंद्रा धरणाचे पाणी इंद्रायणीत सोडून निघोजे बंधाऱ्यावर उपसले जाते, ते चिखलीत शुद्ध होऊन शहरास मिळू लागले आहे. चाकणच्या कारखान्यांशेजारून वाहणारी ही इंद्रायणी पुढे आळंदीस जाते. भामा नदीवरील भामा-आसखेड धरणाचे पाणी मात्र नळातून आणण्याची योजना आहे. पवनेच्या खोऱ्यात जे वाटप ठरेल, त्याचाच दाखला या दोन नद्यांच्या काठचे गावकरी उद्या मागतील.