चर्चची घंटा, देवळाची कमान

जिते गावापासून रेवदंडा काही फार लांब नाही. तिथल्या पोर्तुगीज किल्ल्यात चर्चचा एक उंच मनोरा उभा आहे. लोक त्याला ‘सातखणी’ म्हणतात. चर्चला मनोरा कशाला लागतो? मुख्यतः घंटेसाठी. देवळात प्रत्येक भाविक हात वर करून स्वतः घंटा वाजवतो. चर्चची घंटा एकजण साऱ्या गावासाठी वाजवतो. ती लांबवर ऐकू जायला हवी, म्हणून उंचावर.

१७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि तिकडच्या चर्चमधल्या घंटा देवळांत आल्या. वाईजवळच्या मेणवलीतल्या घंटेवर १७०७ साल आहे, नाशिकच्या नारोशंकर मंदिरातल्या घंटेवर १७२१. आता गंमत बघा. नाशिकला ती गाभाऱ्यासमोर हाताशी टांगलेली नाही. दर्शनी तटावर, उंच कमानीत आहे. मेणवलीला घाटावर तिच्यासाठी वेगळं दगडी बांधकाम आहे. म्हणजे धर्म बदलला, गाव बदललं, तरी घंटेनं आपली जागा मागून घेतलीच!

म्हणून जुन्या वस्तूचं वजन नि साल टिपून थांबू नका. ती कुठं टांगलेली होती, कुणासाठी वाजायची, हेही विचारा. वस्तूचा अर्थ निम्मा तिच्या जागेत असतो.